धुरपदाबाईनं न धरलेला महिना

समजा, हे काम तुम्हाला करायचं आहे. समोर गोधडीवर एक बाई उताणी निजली आहे. आधी तळहातांना तिळाचं तेल लावा आणि हात एकमेकांवर घासून गरम करा, कारण गार हात लागला की पोट आवळून धरतं आणि मग खरं सांगत नाही. आता उजव्या हाताची कड बेंबीवर ठेवा. हळूहळू वर सरका. मऊपणा संपून गोळ्याची कड हाताला लागली की थांबा. बेंबीपासून तिथवर किती बोटं बसतात ते मोजा. चार बसली तर सात महिने भरले, सहा बसली तर आठ. मोजून झालं की बाईचं लुगडं नीट करा, दाराबाहेर या आणि तिथे खुर्चीवर बसलेल्या फौजदाराला एक आकडा सांगा. त्या आकड्यावर ती बाई घरंदाज की गुन्हेगार हे ठरणार आहे.

धुरपदाबाईनं हे काम एकोणीसशे तेवीस सालच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी केलं. तिच्या हातांची मोजणी बरोबर होती. चुकलं ते तिचं तोंड.

धुरपदाबाई न्हाव्याच्या घरची. गाव सोनगीरपासून दोन कोसांवर, किल्ला जिथून तळहाताएवढा दिसतो तेवढ्या अंतरावर. सासूच्या हाताखाली ती सुईणपण शिकली आणि सासू गेल्यावर गावातलं एकही बाळंतपण तिच्यावाचून झालं नाही. उंच, काटकुळी बाई. तिचं बोलणं थोडं आणि चालणं इतकं झपाट्याचं, की ती गल्लीतून निघाली की बायका विचारत, "कोनी वेळ भरनी व?" नाळ कापायला ती जोंधळ्याच्या धांड्याची, म्हणजे वाळल्या ताटाची, चिरफळी वापरायची, पण ती चिरफळी उकळत्या पाण्यातून काढूनच. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. उकळलेल्या चिरफळीची पोरं जगतात हे तिनं स्वतः बघितलं होतं.

सासूनं तिला आणखी एक रीत शिकवली होती. दर तिसऱ्या वर्षी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो. खानदेशात त्याला धोंड्याचा महिना म्हणतात, जावयांना बोलावून अनारसे खाऊ घालतात. तो महिना देवाचा. त्यात लग्न नाही, मुहूर्त नाही. सासू सांगायची, "धोंडाना महिना पोटले धराना नही. तो देवना शे, तो पोरना नही." म्हणजे गरोदर बाईचे महिने मोजताना धोंडा आला तर तो बोलून दाखवायचा नाही, नाहीतर दृष्ट लागते. मनात धरायचा, तोंडानं सोडायचा. गावातल्या बायकांना हे ठाऊक होतं. धुरपदाबाईनं "पाचवा" म्हटलं आणि मध्ये धोंडा येऊन गेला असला, तर ऐकणारी सासू आपोआप सहावा समजायची आणि डिंकाच्या लाडवांची तयारी त्या हिशेबानं करायची. कोणाचं काही अडलं नव्हतं. त्या साली ज्येष्ठ दोन आले होते.

गोधडीवर निजलेली ती बाई म्हणजे ताईबाई. तिचा नवरा अभिमन महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी तापानं गेला. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. नवरा गेल्यावर ताईबाई कोपऱ्यात बसली. विधवेच्या अंगाकडे कोण बघतं? तिलाही आधी वाटलं, दुःखानं महिन्याचं न्हाणं थांबलं असेल. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावातल्या पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या तेव्हा घरात बसल्या बसल्या तिला पहिल्यांदा वाटलं, हे दुःखाचं थांबणं नव्हे. ती कोणाला बोलली नाही. बोलायला घरात होतं तरी कोण? धाकटा दीर उखर्डू आणि त्याची बायको, बस्स. श्रावणात पोट लुगड्याबाहेर दिसायला लागलं, तसा उखर्डू पोलीस पाटलाच्या ओट्यावर जाऊन बसला.

पोलीस पाटील सुकदेव आबा माणूस वाईट नव्हता. पण त्याला वरून ताकीद होती: विधवा बाई गरोदर दिसली की ठाण्याला कळवायचं. म्हणजे मग ती पोट पाडणार नाही, पोराचं काही करणार नाही, तिच्यावर नजर राहील. त्यानं कळवलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बैलांच्या शिंगांचा रंग अजून ताजा असताना, फौजदार चावडीवर येऊन बसला.

तपासणी पाटलाच्या घरातल्या आतल्या खोलीत झाली, फौजदार दाराबाहेर खुर्ची टाकून बसला. ताईबाईनं डोळे मिटून घेतले होते.

"शेवटलं न्हानं कधी व?" धुरपदाबाईनं हळू विचारलं.

"रथसप्तमीले."

"मंग घाबरस काबर? पोर अभिमनभाऊनंच शे."

"मी घाबरत नही, आक्का. माले थंडी वाजी राहिनी."

पाच बोटं बसली. सात भरले, आठवा चालू. धुरपदाबाईला पोरानं हाताखाली लाथ मारलेलीही कळली. ती बाहेर आली. फौजदारानं विचारलं, "किती महिने?"

तेवीस वर्षं ती ज्या रीतीनं सांगत आली होती त्याच रीतीनं तिनं सांगितलं. "सहा भरनात, सातवा चालू शे."

फौजदारानं डायरी उघडली. अभिमनचा मृत्यू फेब्रुवारीच्या पंधरा तारखेचा. त्या दिवशी सप्टेंबरची अकरा. त्यानं बोटांवर महिने मोजले, एकदा नाही, दोनदा. मग पाटलाकडे बघून म्हणाला, "नवरा मेल्याला सात महिने होत आले. पोटात सहा. बाकीचं तुम्हीच समजा, पाटील."

उखर्डू ओट्याच्या खाली उभा होता. त्याला काही बोलायची गरजच उरली नव्हती. मेलेल्या भावाचं मूल जन्मलं असतं तर विहिरीखालची अर्धी जमीन त्या मुलाची झाली असती.

कारकुनानं जबानी लिहिली आणि धुरपदाबाईच्या अंगठ्याला शाई लावली. घरी परतताना तिला वाटेत चुकल्यासारखं वाटत होतं, जसं चुलीवर काही विसरून आल्यावर वाटतं. ओट्यावर बसून तिनं पाय धुतले आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं. धोंडा. आपण बायकांना सांगतो तसं फौजदाराला सांगितलं. फौजदाराला धोंडा कोण समजावणार?

ती तशीच ओल्या पायांनी पाटलाकडे गेली.

"आबा, सात भरनात. आठवा चालू शे. मी धोंडा सोडी दिन्था."

"धुरपदाबाई, दुपारी सहा सांगस, संध्याकाळी सात. सकाळलोंग नऊ व्हयी जातीन का?"

"आबा, हसानी गोट नही."

"मी पन हसत नही, माय. कागद धुळ्याले गया. आते माना हातमा काय शे?"

दुसऱ्या दिवशी ती सोनगीरला हीरालाल शेठजींच्या दुकानात गेली. मारवाडी माणूस, तीन पिढ्या खानदेशातच, आणि दुकानात पंचांग असल्याशिवाय गादीवर बसायचा नाही. त्यानं चष्मा लावून पानं उलटली. "हे बघ बाई, अधिक ज्येष्ठ. सोळा मे ते चौदा जून. पूर्ण महिना आहे. तू हा सोडलास?"

"आम्ही सोडतच असतो, शेठजी."

"आम्ही पण त्या महिन्यात कामं काढत नाही," शेठजी म्हणाला. "पण व्याज त्या महिन्याचंही चढतं. पोट पण चढणारच की." तो स्वतःच्याच बोलण्यावर थोडा हसला. मग तिचा चेहरा बघून त्यानं पानाला दोरा घातला आणि पंचांग तिच्या हातात दिलं. "ठाण्यात दाखव. छापलेलं आहे म्हणावं."

ठाण्यात फौजदार नव्हता. कारकून होता. त्यानं पंचांगावर नजर फिरवली, काहीतरी पुटपुटला आणि एक कोरा कागद ओढला. धुरपदाबाई बोलत होती आणि तो लिहीत होता. ती जितकं बोलली त्यापेक्षा त्यानं कमी लिहिलं असं तिला वाटलं, पण लिहिणं हे बोलण्यापेक्षा थोडक्यात होत असेल असंही वाटलं. त्यानं कागद वाचून दाखवला नाही आणि तिनंही मागितलं नाही. तेवढं मागायचं असतं हे तिला कुठे माहीत होतं? तिनं अंगठा दिला. आता झालं, असं समजून ती सोनगीरहून घरी चालत आली. वाटेत एका शेताच्या बांधावर बसून तिनं भाकरी खाल्ली. पुढे ती म्हणायची, आयुष्यात इतकी चवीची भाकरी मी परत खाल्ली नाही.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. ठाण्यावरून काही आलं नाही. उलट पाटलाला हुकूम आला, की ताईबाईनं गाव सोडायचं नाही. तिचं माहेर पहूरला, जामनेर तालुक्यात. तिचा भाऊ बैलगाडी घेऊन न्यायला आला होता. पाटलानं त्याला सांगितलं, "पहूर म्हंजे पूर्व खानदेश. दुसरा जिल्हा. तिना कागद आठे शे. बाई तठे कशी जायी?" भाऊ रिकामी गाडी घेऊन परत गेला. जाताना गाडीत अंथरलेला कडबा तसाच होता, त्यावर कोणी बसलं नव्हतं.

दुसरा हुकूम धुरपदाबाईला होता. ती साक्षीदार. साक्षीदारानं त्या घरी जायचं नाही. बाळंतपण आलं तर आधी पाटलाला विचारायचं, पाटलानं हो म्हटलं तर कोतवालाला बरोबर घेऊन जायचं.

"आनि पाटील नसना तर?" तिनं विचारलं.

"मी कोठे जासू?" सुकदेव आबा म्हणाला. आणि खरंच, तो गाव सोडून फारसा कुठे जायचा नाही.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी गाव कापसाला गेलं होतं. पहिली वेचणी होती, घराघरांत म्हातारी माणसं तेवढी उरली होती. दुपार व्हायच्या आधी ताईबाईच्या शेजारची यशोदाबाई काठी टेकत धुरपदाबाईच्या दारात आली. "चाल व माय. ताईनी वेळ भरनी. पानी गये."

धुरपदाबाईनं चिरफळी, दोरा, तेलाची वाटी पदरात बांधली आणि सवयीच्या झपाट्यानं ती निघाली. गल्लीच्या तोंडाशी तिला हुकूम आठवला. ती पाटलाच्या घराकडे वळली. पाटील सोनगीरच्या बाजाराला गेला होता. कोतवाल मगन चावडीच्या सावलीत बसला होता. ती म्हणाली, "मगन, चाल. पाटील येवालोंग पोर थांबाव नही."

"आक्का, माले इचाराबिगर येता येत नही. पाटील येवू दे."

"मंग मी एकली जास."

मगन उठून तिच्या वाटेत उभा राहिला. त्यानं तिला हात लावला नाही. तो नुसता उभा राहिला. तिच्या हातून जन्मलेली पोरं त्या चावडीवर खेळून मोठी झाली होती, मगनचे दोन पोरगेही त्यातच. "आक्का, तू गयी तर तुन्हावर कागद व्हयी," तो म्हणाला. "आनि तिन्हावर आखो एक. इचार कर."

धुरपदाबाई विचार करत उभी राहिली. तिला पुढे आयुष्यभर छळलं ते हेच. ती उभी राहिली. मगनला ढकलून ती जाऊ शकली असती, तो बाजूला झालाही असता. पण एका कागदानं काय होतं हे तिनं नुकतंच बघितलं होतं आणि दुसऱ्या कागदाची तिला भीती वाटली. ती चावडीच्या पायरीवर बसली आणि पाटलाच्या वाटेकडे बघत राहिली. यशोदाबाई एकदा येऊन गेली. दुसऱ्यांदा आली आणि चावडीच्या कोपऱ्यावरूनच परत गेली.

पाटील आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्यानं घोड्यावरूनच हात हलवला, जा जा म्हणून. तो खरंच घाबरला होता.

ताईबाई भिंतीला टेकून बसली होती. तिचे हात मातीनं भरले होते आणि नखांत माती गेली होती. घरामागं लिंबाच्या बुडाशी नवी माती दिसत होती आणि तिच्यावर एक दगड ठेवला होता. मूल रडलं नव्हतं. न रडलेलं मूल घरामागंच पुरायचं, बायकांनीच पुरायचं, ही गावची रीत होती. धुरपदाबाईनं स्वतः अशी कितीतरी पुरली होती. यशोदाबाईनं फावडं आणून दिलं होतं. बाकी सगळं ताईबाईनं एकटीनं केलं होतं, बाळंतपणही आणि तेही.

"नाळ गळाले गुंडाळेल व्हती," ताईबाई म्हणाली. "माले काढता उनी नही. आक्का, तू उनी नही."

धुरपदाबाईनं तिचे हात धुतले. वार पडली होती की नाही ते बघितलं. पोट चोळलं. दुसरं काही करायचं उरलं नव्हतं.

रात्र व्हायच्या आत उखर्डू पाटलाकडे गेला आणि पाटलाला ठाण्यात कळवणं भाग होतं. लिंबाखालची माती उकरली गेली. मूल धुळ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरानं लिहिलं, मूल पूर्ण वाढीचं, जन्मताना मेलेलं. मारल्याचा आळ त्यामुळे आला नाही. पण कायद्याचं एक कलम असं, की मूल मेलेलं जन्मलं तरी ते गुपचूप पुरून जन्म लपवला तर तो गुन्हा.

धुळ्याच्या कोर्टात ताईबाईला वकील नव्हता. तिनं सांगितलं, "पोर लपाडं नही, मातीमा पुरं." न्यायाधीशांनी दुभाष्याकडे बघितलं आणि दुभाष्यानं इंग्रजीत काहीतरी सांगितलं. सरकारी वकिलाचं म्हणणं सोपं होतं. घरंदाज बाईला मूल लपवायचं कारण नसतं. हिला होतं. नवरा मेल्यावर दिवस राहिले, सुईणीची जबानी आहे. डॉक्टरानं लिहिलेलं 'पूर्ण वाढीचं' त्या जबानीतल्या आकड्याशी कोणी ताडून बघितलं नाही.

धुरपदाबाईला पुढे बोलावलं. तिच्यासमोर कागद धरला.

"हा अंगठा तुझा?"

"माझा. पण साहेब, मी नंतर दुसरी जबानी दिली. धोंड्याचा महिना…"

"विचारलं तेवढंच सांग."

"दुसरी जबानी आहे, साहेब. ठाण्यात दिली. पंचांग दाखवलं."

न्यायाधीश माणूस कठोर नव्हता. त्यांनी हात वर केला आणि वकिलाला विचारलं, तशी काही आहे का? वकिलानं कागद चाळले. एक कागद बाहेर काढला. धुरपदाबाईला दुरून आपला अंगठा ओळखू आला, तिच्या अंगठ्यावर चिरफळीनं कापल्याची एक खूण होती आणि ती शाईतही उमटायची. वकिलानं तो कागद मनातल्या मनात वाचला आणि म्हणाला, "पुरवणी जबानी आहे. पहिलीला धरूनच आहे." न्यायाधीशांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं.

"शेठजींचं पंचांग…" धुरपदाबाई म्हणाली. पंचांग तिच्या पदरात होतं, दोरा घातलेल्या पानासकट. शिपायानं तिला बाकाकडे नेलं.

ताईबाईला नऊ महिन्यांची शिक्षा झाली. तिला नेताना तिनं धुरपदाबाईकडे बघितलं, रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. शिक्षा भोगून ती सरळ पहूरला गेली आणि परत आली नाही. विहिरीखालची अख्खी जमीन उखर्डूनं पेरली. आपण वाईट वागलो असं त्याला कधी वाटलं नाही, कारण कोर्टानंच तसं सांगितलं होतं ना.

धुरपदाबाई सुईणपण करतच राहिली. फक्त एक बदललं. धोंडा आला की ती तो आता मोठ्यानं धरायची. बायका दचकायच्या, दृष्ट लागेल म्हणायच्या. ती म्हणायची, "लागू दे. मी धरी सांगस."

हीरालाल शेठजीचं पंचांग तिनं परत नेऊन दिलं तेव्हा शेठजीनं ते घेतलं नाही. "वर्ष संपलं की जुनंच आहे ते," म्हणाला. ते तिच्या पेटीत राहिलं. एकोणीस वर्षांनी, बेचाळीस साली, ज्येष्ठ पुन्हा दोन आले. धुरपदाबाईला आता डोळ्यांनी कमी दिसायचं. सरकारनं सोनगीरच्या दवाखान्यात शिकलेली नर्स आणली होती आणि गावातल्या सुना तिच्याकडे जायला लागल्या होत्या. नर्स गावात आली की धुरपदाबाई तिला ओट्यावर बसवायची, चहा द्यायची आणि गोष्ट सांगायची. देवीची लस टोचायला येणाऱ्याला सांगायची. शाळेच्या मास्तरांना सांगायची. ज्याला म्हणून अक्षर वाचता येतं त्या प्रत्येकाला ती तेच सांगायची आणि शेवटी तोच प्रश्न विचारायची.

मास्तर म्हणायचे, "आक्का, इतक्या वर्षांनी तो कागद कुठे असणार? वाळवीनं खाल्ला असेल."

"खावू द्या, मास्तर," ती म्हणायची. तिला कागद नको होता. तिला एवढंच समजून घ्यायचं होतं, की चूक कोणाच्या हातून झाली. ठाण्यातल्या त्या माणसानं लिहिलंच नाही, की कोर्टातल्या त्या माणसानं वाचलंच नाही? आणि ती अंगठा पुढे करून दाखवायची, त्यावरची चिरफळीची खूण अजून तशीच होती, आणि विचारायची, "मास्तर, मी हाऊ अंगठा दिन्हा ना, त्या दुसऱ्या कागदवर काय लिखेल व्हतं?"